'कॅश' : पांडवलेण्यातील कहापण आणि फिरंग्यांची पेटी

आजचा धागा एकाच शब्दाचा आहे. दुकानदार 'कॅश की ऑनलाइन?' असे विचारतो, तेव्हा तो इंग्रजी बोलत आहे असे कुणाच्या मनातही येत नाही, इतका हा शब्द मराठीत मुरला आहे. या शब्दाविषयी एक दावा अधूनमधून वाचायला मिळतो. 'कॅश' हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडून उचलला, त्याचे मूळ संस्कृत 'कार्षापण' आणि पुरावा नाशिकच्या लेण्यात कोरलेला, असा तो दावा. ऐकून छाती फुगते. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने छाती फुगली की आधी शिलालेख वाचावा. दाव्यात तथ्य आहे आणि घसरगुंडीही आहे. ती नेमकी कोठे होते, हे पाहण्यासाठी आपण नाशिकहून निघून तंजावर, जावा आणि लंडन करून परत नाशिकरोडला येणार आहोत.

आरंभ लेण्यापासून. नाशिक शहराच्या दक्षिणेला मुंबई-आग्रा मार्गालगत जो त्रिरश्मी डोंगर आहे, त्यालाच आपण पांडवलेणी म्हणतो. पांडवांचा त्याच्याशी काही संबंध नाही. ही बौद्ध भिक्षूंची वर्षावासाची वसती. तेथील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात, क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात (म्हणजे ऋषभदत्त) याचे लेख आहेत. त्याची पत्नी दक्षमित्रा हिनेही तेथे एक ओवरी दान केल्याची नोंद आहे. भगवानलाल इंद्रजींनी एकोणिसाव्या शतकात आणि नंतर एमिल सेनार यांनी हे लेख वाचून प्रसिद्ध केले. लेखांतली वर्षे ४१, ४२, ४५ अशी आहेत. ती शककालाची की नहपानाच्या राजवर्षांची, यावर विद्वानांचे एकमत नाही. त्यामुळे काळ इसवीच्या पहिल्या शतकाच्या उत्तरार्धापासून दुसऱ्याच्या पूर्वार्धापर्यंत कोठेही धरला जातो.

आता लेखातील हिशेब पाहा. हा भाग मला संपूर्ण लेण्यातील सर्वांत सुंदर वाटतो. मूर्ती आणि खांब पाहून पुढे जाणाऱ्या प्रवाशाला तो दिसतही नाही.

वर्ष ४२ च्या वैशाखात उषवदाताने हे लेणे संघाला दिले आणि त्याबरोबर ३००० कहापणांची 'अक्षयनीवि' ठेवली. 'कहापण' हे 'कार्षापण' या संस्कृत शब्दाचे प्राकृत रूप. अक्षयनीवि म्हणजे जिच्या मुद्दलाला हात लावायचा नाही, केवळ व्याज वापरायचे अशी ठेव. ही रक्कम त्याने भिक्षूंच्या हाती दिली नाही, राजाच्या भांडारातही ठेवली नाही. ती गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली: २००० एका कोलिक-निकायाकडे, दरमहा शेकडा एक पडिक व्याजाने, १००० दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण पडिक व्याजाने. शाळेत आपण सर्वांनी 'द. सा. द. शे.'ची गणिते घासली आहेत. येथे दरसाल ऐवजी दरमहा आहे, एवढाच फरक; 'शत' मात्र जसेच्या तसे, शेकडाच.

पहिल्या ठेवीचे व्याज कशासाठी? वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्षूंच्या चीवरांसाठी, प्रत्येकी १२ कहापण. गणित मांडून पाहा. २००० वर शेकडा एक म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस भिक्षू गुणिले बारा, तेही २४०. एकाही नाण्याचा फरक नाही. जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या लेखनिकाचा हिशेब आपल्या कागदावर आजही जुळतो. त्याच जुळणीतून 'पडिक' म्हणजे कहापणाएवढेच नाणे असावे, हेही उमगते. दुसऱ्या ठेवीचे व्याज भिक्षूंच्या इतर किरकोळ खर्चासाठी होते.

याच लेखात पुढे देव-ब्राह्मणांना दिलेल्या दानाची नोंद आहे: ७०,००० कार्षापण, ३५ कार्षापणांचा एक सुवर्ण, म्हणजे २००० सुवर्ण. चांदी आणि सोने यांच्यातील विनिमयाचा दर दगडावर कोरून ठेवणारे लेख भारतात मोजकेच. हा त्यांपैकी एक. हे सारे निगमसभेत ऐकवले गेले आणि दफ्तरात नोंदवले गेले, असेही लेख सांगतो. दुसऱ्या एका लेखात उषवदाताने एका ब्राह्मणाकडून ४००० कहापणांना शेत विकत घेऊन ते संघाला दिल्याची नोंद आहे. जावईबापूंनी सासऱ्याच्या राज्यातील जमीनसुद्धा रोख मोजून घेतली, याची नोंद घ्यावी.

तेव्हा पहिली गोष्ट निर्विवाद: आपल्या नाशिकमध्ये 'कहापण' हा रोजच्या व्यवहारातला शब्द होता. तो आला 'कर्ष' या वजनावरून. मनुस्मृतीत कर्षभर तांब्याच्या नाण्याला कार्षापण म्हटले आहे आणि कर्ष म्हणजे ८० गुंजा. चांदीच्या आहत नाण्यांनाही हेच नाव लागे. नहपानाच्या लेखांतले कहापण म्हणजे त्याची स्वतःची चांदीची नाणी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. आणि ही नाणी कशी होती, हे आपल्याला फार चांगले ठाऊक आहे, कारण नाशिक जिल्ह्यातच गोदावरीकाठच्या जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये त्यांचा ढीग सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी! एका बाजूला राजाचे मस्तक आणि ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूला ब्राह्मी व खरोष्ठी. त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकली होती. क्षहरातांचा नि:पात केल्याचा त्याचा दावा त्याच्या आईच्या, गौतमी बलश्रीच्या लेखात तिसऱ्या लेण्यात कोरलेला आहेच. या नाण्यांनी तो दावा खरा ठरवला. चांदी वितळवायचीही गरज पडली नाही. नहपानाच्याच चेहऱ्यावर सातवाहनांचा डोंगर उमटवला, आणि व्यवहार पुढे चालू.

आता घसरगुंडीकडे येऊ. 'कार्षापण' आणि 'कॅश' यांत 'क' आणि 'श/ष' सारखे आहेत, एवढ्यावरून नाते जुळत नाही. ध्वनीचे साम्य हा संशयाला पुरेसा आधार असतो, निकालाला नव्हे. काजूचेच पाहा. इंग्रजीत काजूला 'कॅश्यू' म्हणतात. त्याचा 'कॅश'शी काहीही संबंध नाही. ते ब्राझीलमधील तुपी भाषेतल्या 'अकाजू'चे पोर्तुगीजांच्या तोंडून आलेले रूप. कोकणातला काजू आणि इंग्रजांचा कॅश्यू सख्खी भावंडे, पण कॅश त्यांचा कोणीही नव्हे. शब्दाचा मार्ग दाखवायचा तर प्रत्येक मुक्काम दाखवावा लागतो: कोणी ऐकला, कोणत्या भाषेत लिहिला, कोणत्या साली.

तसा मार्ग शोधला की एक गमतीदार गोष्ट दिसते. इंग्रजीत 'कॅश' हे दोन निरनिराळे शब्द आहेत. लिहायला एक, उच्चारायला एक, पण कुळे दोन.

पहिल्या कुळाचा मार्ग आपल्या दक्षिणेतून जातो. 'कर्ष'शी नाते सांगितला जाणारा तमिळ शब्द म्हणजे 'कासु', म्हणजे नाणे. (काही भाषाशास्त्रज्ञ 'कासु' हा स्वतंत्र द्राविड शब्द मानतात, हा वाद मिटलेला नाही.) तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरातील राजराज चोळाच्या काळच्या, म्हणजे अकराव्या शतकाच्या आरंभीच्या लेखांत कासूंच्या ठेवी आहेत आणि व्याज आहे दर कासूला वर्षाकाठी एक अष्टमांश कासू. साडेबारा टक्के! नाशिकच्या विणकरांचा दर वर्षाला बारा टक्के पडतो. मधे नऊशेच्या आसपास वर्षे, धर्म वेगळा, भाषा वेगळी, पण देवस्थानाच्या ठेवीचा दर जवळजवळ तोच. हे मी कोणत्याही सिद्धान्ताचा पुरावा म्हणून सांगत नाही; आकडे शेजारी ठेवले की गंमत वाटते, इतकेच. तमिळनाडूत आजही 'कासुमाला' घालतात, जशा आपल्याकडे पुतळ्यांच्या माळा. आपली पुतळी मूळची व्हेनिसची, सोन्याची डुकाट; तिच्यावरच्या मनुष्याकृतीमुळे तिला पुतळी म्हटले गेले.

सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले. त्यांनी 'कासु' ऐकला आणि आपल्या लिपीत जो शब्द लिहिला त्याचा उच्चार साधारण 'काइशा'. येथे योगायोगाने घोटाळा केला, कारण पोर्तुगीज भाषेत 'काइशा' हा शब्द आधीपासून होता आणि त्याचा अर्थ होता पेटी. परका शब्द ओठांवर आला की माणूस त्याला ओळखीच्या शब्दाच्या साच्यात बसवतो. त्याच पोर्तुगीजांनी मग मलाक्का आणि जावाकडची चौकोनी भोकाची, दोरीत ओवलेली तांब्याची चिनी नाणीही 'काइशा' म्हणूनच नोंदवली. चिनी लोक त्यांना 'वेन' म्हणत. 'कॅश' हे नाव चीनला भारतातून, फिरंग्यांच्या तोंडून मिळाले.

इंग्रजीत हा शब्द येण्याची वाट गोव्याहून जाते. यान हुइखन फान लिन्सखोटेन हा डच तरुण १५८३ ते १५८८ गोव्यात आर्चबिशपचा कारभारी होता. त्याच्या प्रवासग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १५९८ मध्ये निघाले. त्यात सुंदा येथे, म्हणजे पश्चिम जावात, 'काइशा' नावाच्या तांब्याच्या नाण्याखेरीज दुसरे चलन नाही, असे तो सांगतो. पुढे ईस्ट इंडिया कंपनीने मद्रासमध्ये हेच नाव अधिकृत केले. ८० कॅशचा एक फणम, ४२ फणमांचा एक स्टार पॅगोडा. १८०३ मध्ये कंपनीने मद्राससाठी २० कॅशची तांब्याची नाणी इंग्लंडमध्ये पाडून घेतली. नाण्यावर रोमन आकड्यांत वीस आणि पुढे 'कॅश' ही अक्षरे. १८०९ च्या जानेवारीत 'ॲडमिरल गार्डनर' नावाचे कंपनीचे जहाज अशी नाणी घेऊन निघाले आणि इंग्लंडच्या किनाऱ्याजवळच वाळूच्या दांड्यावर बुडाले. ती नाणी बाहेर काढली गेली असून संग्राहकांच्या बाजारात आजही मिळतात. मद्रासची ही पद्धत १८१८ पर्यंत चालली. त्रावणकोर संस्थानात तर १६ कॅशचा एक चक्रम हा हिशेब १९४९ पर्यंत होता.

म्हणजे या 'कॅश'चे कर्षाशी नाते सांगता येते. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांच्या १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या प्रसिद्ध कोशातही ते दिले आहे. तेथे एक वाक्य आपल्या कामाचे आहे: हा शब्द तमिळ 'कासु'वरून आला असावा किंवा एखाद्या कोकणी रूपावरून, पण ते रूप आम्हाला मिळालेले नाही, अशा आशयाचे. मोठे कोशकार कसे लिहितात पाहा. जे सापडले नाही, ते सापडले नाही.

परंतु हा 'कॅश' म्हणजे एक क्षुद्र तांब्याचे नाणे. आपण दुकानात देतो ती 'कॅश' ही नव्हे.

ती दुसऱ्या कुळातली. लॅटिनमध्ये 'काप्सा' म्हणजे पेटी. रोमन लोक ग्रंथांच्या गुंडाळ्या ठेवायला जी गोल पेटी वापरत, तिला हेच नाव. त्यापासून इटालियन 'कास्सा', फ्रेंच 'केस', पोर्तुगीज 'काइशा'. औषधाची 'कॅप्सूल' हीदेखील त्याच घरातली, चिमुकली पेटी. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत 'कॅश' आला तो पैसे ठेवण्याची पेटी आणि त्या पेटीतला हाताशी असलेला पैसा, अशा दुहेरी अर्थाने. अठराव्या शतकात पेटी गळाली, पैसा उरला. तेव्हा 'कॅश बॉक्स' म्हणणे म्हणजे कुळानुसार पाहिले तर 'पेटीची पेटी' म्हणणे झाले.

पेटीचा पैसा होणे हे मराठी माणसाला शिकवावे लागत नाही. वाण्याच्या दुकानात ज्या खणात पैसे पडतात तो गल्ला, आणि 'आज गल्ला किती झाला?' यातला गल्ला म्हणजे दिवसाची रोकड. मुंबईच्या बोलीत 'पेटी' म्हणजे लाख, 'खोका' म्हणजे कोटी. आणि संस्कृत 'कोश' घ्या: आवरण, मग भांडार, मग राजाचा खजिना, आणि शेवटी शब्दांचा कोश. रोमन काप्सा ग्रंथांपासून निघून पैशापर्यंत गेली. आपला कोश खजिन्यापासून निघून ग्रंथापर्यंत आला. उलट दिशेने चाललेले दोन प्रवासी.

या कुळातच एक तोतयाही आहे. बँकेतला 'कॅशियर' पेटीवाल्यांपैकी खरा. पण इंग्रजी लष्करी इतिहास वाचताना एखाद्या अधिकाऱ्याला 'कॅशियर' केल्याचे आढळते, तेव्हा त्याला खजिनदार केले असे समजू नका. त्याला अपमानाने बडतर्फ केलेले असते. ते क्रियापद 'रद्द करणे' या अर्थाच्या वेगळ्या लॅटिन धातूपासून डच भाषेमार्गे आले. माझ्या वाचनात अशी गफलत केलेली भाषांतरे आलेली आहेत. बिचाऱ्या बडतर्फ कप्तानाला बसल्या जागी तिजोरीच्या किल्ल्या मिळतात.

मग आपल्या कहापणाचे पुढे झाले काय? बंगालीत 'काहन' या रूपाने तो टिकला: १६ पण, म्हणजे १२८० कवड्या. मराठीत मात्र नाण्याचे नाव म्हणून त्याचा माग राहिला नाही. आपल्या जिभेवर आज जे शब्द आहेत, त्यांचा प्रवासही सरळ नाही. 'दाम' हा ग्रीक 'द्राख्मे'चा, मधे 'द्रम्म' होऊन आलेला. 'नगद' हा अरबी 'नक्द'. 'नाणे' हे 'नाणक'पासून. आणि नाणक हा शब्द कुषाणांच्या नाण्यांवरील नाना या देवीवरून आला, असे मानले जाते. 'रुपया' तेवढा 'रूप्य'चा, घरचा. शिवाय कर्षाच्या पलीकडेही कोणी आहे: प्राचीन इराणात 'कर्श' नावाचे वजन होते आणि दारयवहूच्या नावाचे १२० कर्शांचे दगडी वजन उपलब्ध आहे. 'इंग्रजांनी आपला शब्द उचलला' म्हणणाऱ्याला इराणी माणूस उद्या हाच प्रश्न आपल्याला विचारू शकेल.

एवढे झाल्यावर मूळ दाव्याचा निकाल असा: मद्रासच्या नाण्यावरचा 'कॅश' कर्षाच्या कुळातला म्हणता येईल, मधल्या 'कासु'विषयीचा वाद लक्षात ठेवून. बँकेच्या खिडकीतला 'कॅश' नव्हे. दोघांची गाठ पडली ती पोर्तुगीजांच्या तोंडात, एका पेटीच्या शब्दापाशी.

नाशिकचा या दुसऱ्या कॅशशी संबंध मात्र फार जवळचा आहे. नाशिकरोडला इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ मध्ये सुरू झाली. तोवर भारताच्या नोटा बँक ऑफ इंग्लंडकडून छापून येत. १९२८ मध्ये तेथेच करन्सी नोट प्रेस सुरू झाली आणि पहिली नोट निघाली ती पाच रुपयांची. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्रीनंतर 'कॅशलेस' हा शब्द घराघरांत पोहोचला; पण नाशिकरोडच्या कामगारांची तेव्हा उसंत गेली होती, कारण नव्या नोटा छापायच्या होत्या. इकडे त्र्यंबकच्या वाटेवर अंजनेरीला १९८० मध्ये स्थापन झालेली नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे; परमेश्वरीलाल गुप्तांचे नाव तिच्याशी जोडलेले आहे. आहत नाण्यापासून पुढचा क्रम डोळ्यांनी पाहायचा असेल तर तेथे जावे.

आणि पांडवलेण्यात गेलात तर दहाव्या लेण्याच्या ओसरीत थोडे थांबा. ब्राह्मी वाचता येत नसली तरी कोणा जाणत्याकडून एक जागा दाखवून घ्या. ठेवीची रक्कम तेथे दोनदा लिहिली आहे: आधी 'तीन सहस्र' असे शब्दांत, आणि लगेच पुढे ३००० असे अंकात. धनादेशावर आपण 'अक्षरी रुपये' आणि 'अंकी रुपये' लिहितो, अगदी तसे.